तिसऱ्या पाळीची झोप

नियमाची रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये ती तशी लिहिली आहे आणि साऱ्या देशाला तीच लागू आहे. सदाशिव पेठेला तीच, आकुर्डीला तीच, चाकणच्या खराबवाडीलाही तीच. कारखान्यातली तिसरी पाळी मात्र साधारण अकराला भरते आणि सातला सुटते. ती करणारा माणूस नियमाची जवळजवळ सगळी रात्र मशीनपुढे उभा असतो. कंपनीची बस त्याला घराजवळच्या चौकात सोडते तेव्हा आठ वाजत आलेले असतात. शांततेची वेळ संपून दोन तास झालेले असतात.

बाकीच्या दोन पाळ्यांचाही हिशेब करून पाहावा. पहिली पाळी सातला. तिच्यासाठी पाचच्या आत उठावं लागतं. रात्री दहाला पाठ टेकली, तर त्या माणसाची झोप नियमात बसते. दुसरी पाळी तीनला भरते, अकराला सुटते. घरी पोचून, जेवून, आडवं होईपर्यंत एक वाजतो. सहाला नियमाची मुदत संपते. म्हणजे सेकंडवाल्याच्या वाट्याला शांततेचे पाच तास, आणि थर्डवाल्याच्या वाट्याला एकही नाही. बहुतेक ठिकाणी पाळ्या आठवड्याला फिरतात. त्यामुळे एकच माणूस एका आठवड्यात नियमाच्या आत असतो, दुसऱ्यात अर्धा बाहेर आणि तिसऱ्यात पूर्ण बाहेर.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तीन पाळ्या काही काल आल्या नाहीत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. एमआयडीसी १९६२ ची. मग टेल्को आली, बजाज ऑटो आली, त्यांच्यामागे सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉपं आली. या कामगारांच्या वस्त्यांमधून शहर वाढलं आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे तेच चक्र चाकणला सुरू झालं. रात्री दोन वाजता नाशिक रस्त्याने गेलं तर दोन्ही बाजूंचे शेड उजळलेले दिसतात. इतकी माणसं रात्री जागी असतात, तर ती कधीतरी झोपत असणार. कधी, हा प्रश्न इथल्या कुठल्या कार्यालयाने अधिकृतपणे विचारल्याचं दिसत नाही.

दहा ते सहा या वेळेत नेमकं काय मिळतं, ते पाहू. निवासी भागात आवाजाची मर्यादा रात्री ४५ डेसिबल आहे आणि दिवसा ५५. पण खरा फरक या दहा डेसिबलचा नाही. रात्री उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री हॉर्न वाजवता येत नाही, आवाजाचे फटाके उडवता येत नाहीत, आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. रात्रीचं बंधन मोडलं की तेवढ्यावर तक्रार करता येते. दिवसाच्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेच्या वर दहा डेसिबल जावा लागतो. म्हणजे रात्री झोपणाऱ्याच्या बाजूने स्पष्ट मनाई उभी आहे आणि दिवसा झोपणाऱ्याच्या बाजूने फक्त एक आकडा. तो आकडाही सरासरीचा. झोप सरासरीने मोडत नाही. ती एका ठोक्याने मोडते.

तो ठोका कुठून येतो, तेही सांगायला हवं.

मोशी, चिखली, भोसरी, निगडी इथल्या बऱ्याच सोसायट्यांत लिफ्टशेजारी एक पाटी असते. फ्लॅटमधल्या कामाची वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात. आकडे अर्ध्या-एक तासाने इकडेतिकडे होतात, साचा हाच असतो. पाटी करणाऱ्यांनी विचार केलेला आहे, हे मान्य करायला हवं. सकाळी मुलांची शाळेची आणि मोठ्यांची ऑफिसची गडबड, म्हणून दहापर्यंत थांबा. दुपारी आजी-आजोबा आणि लहान मूल झोपतं, म्हणून एक ते चार बंद. संध्याकाळी माणसं घरी परततात, म्हणून सातला आवरा. घरातल्या प्रत्येकाची वेळ त्या पाटीने सांभाळली आहे. अपवाद एकच. आठला घरी येऊन, अंघोळ-नाश्ता करून नऊला झोपलेला माणूस. पाटीवरची पहिली वेळ दहाची आहे. त्याची झोप लागून तास झालेला असतो आणि वरच्या मजल्यावर टाइल फोडायला सुरुवात होते.

सिमेंटच्या इमारतीत हा आवाज हवेतून कमी आणि स्लॅब, कॉलम, भिंतीतून जास्त येतो. म्हणून खिडक्या लावून, कानात कापूस घालून काही होत नाही. पलंग ज्या भिंतीला टेकलेला आहे, तीच भिंत वाजते. तीन मजले खालीही वाजते. ड्रिल थांबलं की ग्राइंडर, ग्राइंडर थांबला की हातोडा. एका फ्लॅटचं काम महिना-दीड महिना चालतं. नव्या इमारतीत एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं निघतं. हे सगळं पाटीनुसार, नियमानुसार, परवानगीनुसार. थर्ड करून आलेला माणूस वर जाऊन बेल वाजवतो, तेव्हा त्याला पाटी दाखवली जाते. वाद तिथेच संपतो, कारण दाखवणाऱ्याचं बरोबर असतं.

सकाळचे बाकीचे आवाज मी यात धरलेले नाहीत. घंटागाडीचं गाणं, भाजीच्या टेम्पोवरचा रेकॉर्ड केलेला पुकारा, भंगारवाल्याचा स्पीकर. ते येतात आणि जातात. माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. बांधकामाचा आवाज तीन तास एका जागी ठाण मांडून बसतो.

शेजारच्या शहराशी तुलना इथे कामाला येते. पुण्याची दुपारची विश्रांती प्रसिद्ध आहे. दुपारी एक ते चार पेठांमधली दुकानं बंद. चितळे बंधू मिठाईवाल्यांनी २०१७ मध्ये ती सुट्टी बंद केली, तेव्हा त्याची बातमी झाली होती. या सवयीवर विनोद पुष्कळ झाले. मला त्यात एक चांगली गोष्ट दिसते. एका शहराने स्वतःच्या दिनक्रमाकडे पाहून एक शांत वेळ ठरवली आणि कायद्याशिवाय, पोलिसाशिवाय, दंडाशिवाय ती पाळली. गिऱ्हाईक परत गेलं तरी पाळली. दुपारी कुणाची बेल वाजवू नये, हे तिथल्या मुलांना शिकवावं लागत नसे. ती शांतता त्या शहराच्या कामकाजाला साजेशी होती. सकाळी लवकर दुकान उघडणारा, दुपारी घरी जेवणारा, संध्याकाळी पुन्हा गल्ल्यावर बसणारा माणूस तिच्या केंद्रस्थानी होता.

मुळा नदीवरचा हॅरिस पूल ओलांडून दापोडीत आलं की शहर बदलतं. इथला माणूस गल्ल्यावर बसत नाही, लाइनवर उभा राहतो. त्याचा दिनक्रम वेगळा, त्याच्या झोपेची वेळ वेगळी. मग शांततेची वेळ वेगळी का नाही? पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांनी पाटीवर एक ते चार काम बंद ठेवलं, ते पुण्याकडून घेतलं. मुळेच्या पलीकडे ती वेळ अनुभवातून आली होती. अलीकडे ती आयती आली. इथल्या कामगाराला ज्या वेळी गाढ झोप हवी, नेमक्या त्याच वेळी इथली पाटी काम करायला सांगते. दुपारी एकला शांतता होते तेव्हा त्याचे झोपेचे चार तास गेलेले असतात. उरलेल्या वेळात झोप लागली तर लागली. चारला पुन्हा ड्रिल.

‘सवय होते त्यांना’ असं सहज म्हटलं जातं. होत नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. दिवसा झोपणाऱ्याची झोप मुळातच कमी आणि उथळ असते, आणि पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर शरीराला सवय लागायला सवडच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचं काम ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवलं. इतकं दूरही जायला नको. चार तासांच्या झोपेवर माणूस पॉवर प्रेससमोर उभा राहतो, तेव्हा त्याची बोटं धोक्यात असतात. कंपनीची बस नसेल तर सकाळी सातला तो दुचाकीवरून नाशिक रस्त्याला लागतो, तेव्हा तो आणि त्याच्या पुढचा-मागचा प्रत्येक जण धोक्यात असतो. कारखान्याच्या आत सुरक्षेचे फलक आहेत, हेल्मेट आहे, तपासणी आहे. आत येणारा माणूस झोपून येईल, याची सोय बाहेर, वस्तीत व्हायची असते.

कायद्याला हे कधी सुचलंच नाही, असंही म्हणता येत नाही. १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टचं ५७ वं कलम रात्रपाळीचं होतं. ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडते, त्याच्यासाठी पुढचा दिवस मध्यरात्रीला सुरू होत नाही. त्याची पाळी संपते तेव्हा सुरू होतो. सुट्टीचे चोवीस तासही तिथूनच मोजायचे. म्हणजे स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हाच या देशाच्या कायद्याने मान्य केलं की रात्री राबणाऱ्याचा दिवस वेगळा असतो. ही तरतूद नव्या कामगार संहितेतही कायम ठेवली आहे. सुट्टी, कामाचे तास मोजताना त्याचं घड्याळ वेगळं धरलं जातं. तो घरी येऊन पडला की मात्र त्याला इतरांच्या घड्याळात बसवलं जातं. कारखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर त्याचा दिवस बदलतो कसा, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

दहा ते सहा ही वेळ हलवता येत नाही, हेही खरं नाही. त्याच नियमांत राज्य सरकारला वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत ध्वनिक्षेपकाची मुदत दहावरून बारापर्यंत वाढवण्याचा अधिकार आहे. सण आणि उत्सवांसाठी. दरवर्षी जिल्ह्यात त्या दिवसांची यादी निघते. गणेशोत्सवाचे किती, नवरात्राचे किती, शिवजयंतीचा कोणता, यावर बैठका होतात, मंडळं निवेदनं देतात, लोकप्रतिनिधी शब्द टाकतात. माझा त्याला विरोध नाही. लोकांच्या जगण्यात उत्सवाला जागा आहे आणि नियमाने ती मान्य केली. पण मग ज्या कामावर या पट्ट्याचं सगळं उभं आहे, त्या कामासाठी घड्याळ एकदाही का हललं नाही? उत्सवासाठी वेळ मागायला मंडळ असतं. दिवसा झोपणारा एकेकटा असतो आणि बैठकीच्या वेळी तो झोपायच्या प्रयत्नात असतो.

आणि हे सोसायटीत राहणाऱ्याचं झालं. त्याला निदान पाटी आहे, कमिटी आहे, भांडायला सेक्रेटरी आहे. नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे इथल्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला तेही नाही. लातूर, नांदेड, बुलढाणा, शिवाय उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली पोरं एका खोलीत चौघं-पाचजणं राहतात, वेगवेगळ्या पाळ्यांची. फर्स्टवाला उठून गेला की त्याच्या जागेवर थर्डवाला पडतो. वर पत्रा. शेजारी आणखी खोल्यांचं बांधकाम, कारण मागणी आहे. मालकाला विचारायची सोय नाही, कारण बांधकाम मालकाचंच आहे. तिथे कुणी डेसिबल मोजायला येत नाही. तिथे शांतता मागायची असते हेच कुणी त्या पोरांना सांगितलेलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर बायकांना सगळ्या प्रकारच्या आस्थापनांत रात्रपाळी करता येते. संधी म्हणून हे योग्यच आहे. पण रात्रपाळी करून आलेली बाई आठला घरी पोचते, डबे, शाळा, स्वयंपाक उरकते आणि झोपायला तिला साडेदहा वाजतात. तिच्या वाट्याची शांत वेळ तर पुरुषाहून आखूड आहे. दिवसा झोपणारी माणसं पुढच्या काळात वाढणार आहेत. ती फक्त कारखान्यांतली असणार नाहीत. यशवंतराव चव्हाण रुग्णालयातल्या परिचारिका, हिंजवडीत परदेशी वेळेवर काम करणारे, गोदामांतले, सुरक्षारक्षक हे आधीपासून आहेतच.

मग करायचं काय? माझी मागणी एकच आहे आणि ती लहान आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या निवासी भागात तोडफोड, ड्रिल, ब्रेकर, टाइल कटर ही कामं दुपारी एकच्या आधी होऊ नयेत. एक ते सात, सलग सहा तास. आजच्या पाटीवरही सहाच तास आहेत. कामाचा एकही तास कमी होत नाही, फक्त सरकतो. रंगकाम, वायरिंग, मोजमाप, सामान चढवणं ही कामं सकाळी खुशाल व्हावीत. सेकंडवाल्याची सकाळची झोपही यात वाचते.

याचा भुर्दंड कुणाला तरी बसेल, हे मी लपवत नाही. आजोबांची दुपारची झोप मोडेल. पण आजोबांना सकाळी दहाला, अकराला, रात्री नऊला आडवं होता येतं. दिवस त्यांच्या हातात आहे. थर्डवाल्याला दुसरी वेळच नाही. दोन झोपांपैकी एकच सांभाळता येत असेल, तर जिच्यावर उद्याच्या पाळीची सुरक्षा अवलंबून आहे, ती आधी. इमारती बांधणाऱ्यांची अडचण मोठी आहे, कारण त्यांचं काम एका फ्लॅटचं नसतं आणि बांधकाम मजुराची रोजी दिवसावर असते. तिथे अख्खं काम दुपारवर ढकलता येणार नाही. पण भोवती वस्ती असलेल्या साइटवर ब्रेकर आणि पायलिंग तेवढं दुपारी, इतकी शिस्त अशक्य नाही.

दिवसाचे असे तुकडे जगात पडलेले आहेत. जर्मनीत २००२ च्या नियमाने निवासी भागात पाला उडवण्याचं यंत्र सकाळी नऊ ते एक आणि तीन ते पाच एवढ्याच वेळात चालवता येतं, तेही कामाच्या दिवशी. दिवस असूनही. यंत्राचा आवाज लक्षात घेऊन त्याची वेळ ठरवली. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज तिथून चाकणला आल्या. शांततेबद्दलचा हा विचारही तिथून आणता येईल.

त्यासाठी दिल्लीत नियम बदलून आणायची गरज नाही. त्याच २००० च्या नियमांतला आठवा नियम वाचावा. जवळपास राहणाऱ्या कुणालाही आवाजाचा त्रास होत असेल, तर तो आवाज थांबवण्याचा, रोखण्याचा किंवा त्याची वेळ नियंत्रित करण्याचा लेखी आदेश सक्षम अधिकारी काढू शकतो. त्यात वाद्यं आहेत, ध्वनिक्षेपक आहेत आणि बांधकामाची यंत्रंही आहेत. त्यात रात्रीची अट नाही. पोलिस आयुक्त हा असा सक्षम अधिकारी आहे. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतःचा आयुक्त आहे आणि पूर्वी पुणे ग्रामीणकडे असलेलं चाकण तेव्हापासून त्याच्याच हद्दीत आहे. स्वतंत्र आयुक्तालय मागताना या पट्ट्याचे प्रश्न पुण्याहून वेगळे आहेत, असं सांगितलं जात होतं. ते खरंच होतं. त्या वेगळेपणाला धरून निघालेला एक आदेश इथे दिसायला हवा.

बांधकाम परवानगी देणारी कार्यालयं अनेक आहेत. शहरात महापालिका, चाकण गावात नगर परिषद, भोवतालच्या गावांत पीएमआरडीए, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. प्रत्येक परवानगीबरोबर अटींची यादी जाते. पाण्याची, राडारोड्याची, झाडांची अट असते. त्यात यंत्रांच्या वेळेची एक ओळ वाढवायला या चौघांनाही अडचण नसावी. कारखान्यांनीही यात बोलायला हवं. कामगार झोपून यावा हा त्यांचा सरळ स्वार्थ आहे, आणि एका मोठ्या कंपनीचं पत्र आयुक्तालयात शंभर कामगारांच्या अर्जांपेक्षा लवकर वाचलं जातं. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या करारात बसची, कँटीनची, पाल्यांच्या शिष्यवृत्तीची कलमं लढून मिळवली. वस्तीतल्या शांततेची मागणी त्यांच्या यादीत आता यावी.

सोसायट्यांना तर कुणाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. कामाची वेळ त्यांनीच ठरवलेली आहे, त्यांनाच बदलता येते. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर तास जातो, तो जाऊ द्या. पण सभेत एकदा उभं राहून विचारा की आपल्या इमारतीत रात्रपाळी कोण कोण करतं. हात वर करणारे थोडे दिसतील, कारण बरेचसे कामावर असतील किंवा झोपलेले असतील. त्यांच्या घरच्यांना विचारा, संख्या लिहून घ्या आणि त्याच सभेत दहा ते एकच्या वेळेवर ठराव मांडा.